शंभर तैलचित्रांचा संकल्प अर्ध्यावर अडखळतो तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला पाहता येईल. शाळेत असताना तुम्ही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली होती, त्यानंतर कित्येक वर्षं ब्रश हातात धरला नाही. या जानेवारीत साताऱ्यातली नोकरी सांभाळून तुम्ही संकल्प केला, की वर्षभरात ६ बाय ८ इंचांची १०० तैलचित्रं करायची. जून संपताना ४६ झाली. पहिली वीसेक झपाट्यानं सुधारत गेली, मग सगळं एका जागी थांबलं, आणि शेवटची आठ-दहा तर सुरुवातीच्या चित्रांपेक्षाही वाईट वाटतात. रंग मळतात. पावसात चित्रं वाळत नाहीत. उरलेली ५४ करावीत की इथेच थांबावं, हे तुम्हाला विचारायचं आहे.

थांबू नका. मात्र पुढची ५४ चित्रं आधीच्या ४६ चित्रांसारखी करू नका. माझं सगळं सांगणं या दुसऱ्या वाक्यात आहे, बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

तुमचे फोटो मी क्रमानं लावून पाहिले. ४६ चित्रांत जवळजवळ तेवढेच विषय आहेत. गणपतीची मूर्ती, अजिंक्यतारा, कासच्या पठाराचा मोबाइलमधला जुना फोटो, हापूस आंबे, आईचं व्यक्तिचित्र, शेजारच्यांचं मांजर, पावसातला रस्ता. जवळजवळ प्रत्येक दिवशी नवा विषय म्हणजे प्रत्येक दिवशी नवी अडचण, आणि कालच्या अडचणीतून जे हाती लागलं ते वापरायची संधीच नाही. पहिली वीस चित्रं भराभर सुधारली, कारण तेव्हा हात माध्यमाशी ओळख करून घेत होता. टर्पेंटाइन किती घ्यायचं, ब्रश किती दाबायचा, रंग किती जाड लावायचा, हे कोणत्याही विषयातून शिकता येतं आणि लवकर शिकून होतं. त्यानंतरचं शिक्षण डोळ्यांचं आहे, आणि डोळ्यांना तीच वस्तू पुन्हा पुन्हा लागते.

शेवटची चित्रं खरोखर वाईट आहेत का, तेही सांगतो. बाराव्या चित्रातला पेरू आणि एक्केचाळिसाव्यातला पेरू शेजारी ठेवून बघा. बाराव्यातला रंगानं गोड आहे, पण तो टेबलावर टेकलेला नाही, सावली त्याच्यापासून सुटी पडली आहे. एक्केचाळिसाव्यातला जरा काळवंडलाय, पण त्याला वजन आहे, तो खाली बसलाय. ही प्रगतीच आहे, आणि ती तुमच्या नजरेतून सुटली कारण तुम्ही फक्त रंगाकडे पाहत होतात. अजिंक्यताऱ्याची दोन चित्रं मात्र फसली आहेत. ६ बाय ८ इंचांत किल्ला, झाडी, घरं आणि ढग हे सगळं बसवायला गेलात, तर फसणारच.

रोज एक छोटं तैलचित्र ही पद्धत अलीकडे जगभर पसरली, ती मुख्यतः अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे चित्रकार ड्युएन कीसर यांच्यामुळे. डिसेंबर २००४ पासून ते पोस्टकार्डाएवढं एक चित्र रोज करून लोकांसमोर ठेवू लागले. त्यामागची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलनं १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला राहून आकाशाचे अभ्यास केले, तेही तैलरंगात, कागदावर. अनेकांत झाड नाही, घर नाही, नुसते ढग आहेत. कित्येक कागदांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. व्हॅन गॉगनं १८८६ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये फुलांची चित्रं एकामागून एक केली, कारण मॉडेलला द्यायला पैसे नव्हते आणि त्याला रंगांचे विरोध समजून घ्यायचे होते: लालापुढे हिरवा, निळ्यापुढे नारिंगी. आपल्याकडे गोव्याचे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांनी पत्नीला आणि मुलींना वारंवार रंगवलं. त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आहे. तिघांनीही विषय धरून ठेवला आणि प्रश्न बदलत नेला. तुम्ही विषय बदलत गेलात आणि प्रश्न कोणताच धरला नाही, एवढाच फरक आहे.

तेव्हा पुढच्या दहा चित्रांना एकच वस्तू घ्या. संक्रांतीचं सुगड घरात असेलच, तेच घ्या. माती चकाकत नाही, त्यामुळे उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते हे तिच्यावर स्वच्छ दिसतं. दहाही चित्रं त्याच टेबलावर, त्याच आकारात करा. दर वेळी प्रश्न मात्र एकच आणि वेगळा. पहिल्या तीन चित्रांत फक्त दोन टोन, म्हणजे फिकं-गडदपणाच्या दोनच पायऱ्या: उजेडातला एक, सावलीतला एक, मधलं काही नाही. पुढच्या तिनांत मधला टोन येऊ द्या. त्यापुढे मागचं कापड बदला, पांढरं, मग गडद. शेवटी खिडकी बदला. चित्राच्या मागे पेन्सिलीनं तारीख, वेळ आणि त्या दिवसाचा प्रश्न लिहा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना याचा सुरुवातीला कंटाळा येतो. तिसऱ्या-चौथ्या चित्राला त्यांना सुगडाच्या काठाखालची ती बारीक सावली पहिल्यांदा दिसते, आणि मग कंटाळ्याचं नाव कुणी काढत नाही.

खिडकीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुस्तकं ती सांगत नाहीत. उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर सारखा राहतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते युरोपात लिहिलं गेलंय. साताऱ्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन तर त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतून तिरकं आत येतंच. सध्या ढग आहेत म्हणून तुम्हाला ते जाणवणार नाही. पुढच्या मे महिन्यात मात्र उत्तरेच्या खिडकीलाही पातळ पांढरा पडदा लावा.

आता रंग मळण्याबद्दल. हा तुमचा मुख्य सल आहे आणि त्याची मुळं दोन आहेत.

पहिलं मूळ इंटरमिजिएटमध्ये आहे. तिथे तुम्ही जलरंग शिकलात. जलरंगात कागद हाच पांढरा, उजळापासून सुरुवात, पाण्यानं पातळ करत जायचं आणि गडद शेवटी. ती सवय हातात इतकी मुरली आहे की तैलरंगातही तुम्ही टर्पेंटाइन घालून रंग पातळ करता, आधी उजळ भाग भरता आणि मग त्यावर गडद चढवता. ओल्या उजळ रंगावर गडद रंगाचा ब्रश फिरला की दोन्ही एकमेकांत कालवले जातात आणि जो राखाडी येतो तो कुणालाच नको असतो. तैलरंगात क्रम उलटा ठेवा. आधी सावल्या, पातळ. मग मधले टोन. उजळ भाग सर्वांत शेवटी, जाड, भरपूर रंग घेऊन. एक फटकारा मारला की ब्रश कापडाला पुसा. फटकारा जिथे पडला तिथे राहू द्या, त्याला पुन्हा कुरवाळू नका. तुमच्या चित्रांत कुंचला एकाच जागी दहा वेळा फिरलेला दिसतो, आणि रंग तिथेच मरतो.

दुसरं मूळ पॅलेटवर आहे. फोटोत मला चौदा रंग दिसले. चार ठेवा: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन ब्लू. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळले की जवळजवळ काळा मिळतो, आणि सिएना वाढवला तर तो उबदार, निळा वाढवला तर थंड. सुगडासाठी याहून जास्त लागत नाही. स्वीडिश चित्रकार आंदर्स झोर्न यांच्या नावानं ओळखलं जाणारं पॅलेटही चारच रंगांचं आहे: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन हा लाल आणि काळा. त्यात माणसाच्या त्वचेचे बहुतेक सगळे रंग निघतात. आईचं व्यक्तिचित्र पुन्हा कराल तेव्हा ते वापरून बघा.

आणखी एक. कोणताही रंग एकटा मळका नसतो. ज्याला तुम्ही मळका म्हणता तो राखाडी योग्य जागी ठेवला तर सुंदर दिसतो. तो मळका दिसतो तेव्हा बहुधा त्याचा टोन चुकलेला असतो, म्हणजे सावलीत असायला हवा तेवढा गडद नसतो किंवा उजेडात असायला हवा तेवढा उजळ नसतो. नाही तर उजेड आणि सावली दोन्ही सारख्याच उबदार झालेल्या असतात. अमेरिकेत प्रॉव्हिन्सटाउनच्या समुद्रकिनाऱ्यावर चित्रकार-शिक्षक चार्ल्स हॉथॉर्न विद्यार्थ्यांना भर उन्हात मॉडेलसमोर उभे करायचे आणि ब्रशऐवजी रुंद नाइफनं, म्हणजे बोथट पात्यानं, रंग लावायला लावायचे. चेहऱ्याचे बारकावे काढताच यायचे नाहीत, त्यामुळे उन्हातला एक डाग आणि टोपीच्या सावलीतला एक डाग यांचं नातं जुळवण्यावाचून गत्यंतर नसायचं. तुमच्याकडे नाइफ आहे. एक सुगड नुसत्या नाइफनं करा.

टोन तपासायला डोळे किलकिले करा, अगदी पापण्या मिटायच्या बेतात येईपर्यंत. रंग विझतात आणि फिकं-गडद तेवढं उरतं. मोबाइलचा उपयोग इथे करा: वस्तू आणि चित्र शेजारी ठेवून कृष्णधवल फोटो काढा, चूक लगेच सापडेल. मोबाइलच्या फोटोवरून चित्र करण्याच्या मात्र मी विरोधात आहे, निदान ही १०० होईपर्यंत. कॅमेरा सावल्या काळ्याभोर करून टाकतो, उजेड पांढराफटक करतो, आणि तुमची कासची फुलं म्हणूनच कागद कापून चिकटवल्यासारखी दिसतात. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

सुगड झालं की पितळेचा तांब्या घ्या. यासाठी दहा चित्रंही कमी पडतील. माती तुम्हाला टोन शिकवेल, पितळ कडा शिकवेल. तांब्या खिडकीच्या बाजूला ठेवा, खाली गडद लाल किंवा निळं कापड. बोर्डावर बर्न्ट सिएनाचा पातळ हात फिरवून कापडानं पुसून घ्या, म्हणजे पांढऱ्या पृष्ठभागाची धास्ती जाते आणि टोनही पारखता येतो. आता तांब्याकडे बघा आणि हा तांब्या आहे हे विसरा. त्याच्या पोटावर उभा लांबट उजळ पट्टा आहे, ती तुमची खिडकी. त्याला अगदी खेटून एक गडद पट्टा आहे, ती खिडकीशेजारची भिंत. या दोघांमधली कड धारदार आहे, मधला टोन जवळपास नाहीच. मातीवर असं कधी होत नाही. मानेच्या खोबणीत एक काळपट रेष फिरते, ती मागच्या बाजूला हळूहळू विरत जाते. तळाशी कापडाचा लाल चढलेला आहे. सावलीकडची बाहेरची कड तर दिसतही नाही, ती मागच्या गडदपणात मिसळली आहे. ती काढू नका. तुमच्या सगळ्या वस्तूंभोवती सारख्या जाडीची रेघ आहे आणि त्यामुळे त्या मागच्या भागापासून कातरून काढल्यासारख्या वाटतात. सावलीतली कड हरवू द्या, उजेडातली एकच कड धारदार ठेवा, आणि तांब्या गोल होईल.

पितळेच्या सावलीला ऑकर आणि सिएनात थोडा अल्ट्रामरीन घाला, तो किंचित हिरवट झाला तरी चालेल, पितळेची सावली हिरवटच असते. मधल्या भागाला ऑकर जवळजवळ तसाच. उजळ भागासाठी इथे पाचवी ट्यूब उघडा, लेमन यलो किंवा कॅडमियम यलो, पांढऱ्यासोबत. शेवटचा चकाकता ठिपका नीट बघून लावा. वांग्यावरचा ठिपका खिडकीच्या उजेडाचाच असतो, पावसाळी दुपारी निळसर पांढरा. पितळेवरचा ठिपका त्याच खिडकीचा, पण पितळ तो उजेड आपल्या रंगात भिजवून परत देतं, म्हणून त्यात पिवळा उतरतोच. नुसता टिटॅनियम व्हाइट लावलात तर तांब्या स्टीलचा वाटायला लागतो. ब्रशच्या टोकावर जाड रंग घ्या, एकदाच टेकवा, आणि तिथून हात काढा.

एका चित्राला दीड-दोन तासांपेक्षा जास्त देऊ नका. तेवढ्यात नाही जमलं तर नाइफनं खरवडून काढा. खरवडलेलं चित्र १०० मध्ये धरायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय. धरा. मोजायचे ते समोर वस्तू ठेवून मन लावून पाहिलेले तास, आणि ते तुम्ही दिलेले असतात.

वाळण्याबद्दल थोडक्यात. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याला हवा, ऊब आणि उजेड लागतो, आणि पावसाळ्यात तिन्हींची वानवा असते. चित्रं कपाटात बंद करू नका. अंधारात तेल पिवळं पडतं आणि आपल्या दमट हवेत मागून बुरशीही येते. भिंतीपासून थोडी पुढे, पंख्याच्या वाऱ्यात, एकमेकांना न टेकतील अशी उभी ठेवा. अंबर (गडद तपकिरी) आणि सिएनासारखे मातीचे रंग लवकर वाळतात, टिटॅनियम व्हाइट आणि काळा रेंगाळतात. तेव्हा खालच्या थरात मातीचे रंग वापरा, वर तेल जास्त असलेला जाड रंग येऊ द्या. हा क्रम उलटा केला तर पुढे भेगा पडतात. फारच घाई असेल तर रंग लवकर वाळवणारं अल्किड मीडियम थोडं घाला. अंबर आणि काळ्याचे भाग वाळल्यावर निस्तेज दिसतात, कारण खालच्या प्रायमरनं, म्हणजे बोर्डावरच्या पहिल्या पांढऱ्या लेपानं, तेल शोषलेलं असतं. रंग बिघडला असं समजून त्यावर पुन्हा रंगवू नका, पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात देऊन जादा तेल टिपून घ्या. शेवटचं वॉर्निश सहा महिन्यांच्या आत नको.

आणि ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, बोळ्यात ती कोंडते, आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका. टर्पेंटाइनचं भांडं झाकून ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि स्वयंपाकघरात गॅसशेजारी काम तर मुळीच करू नका. फोटोत मागे ओटा दिसला म्हणून सांगतोय.

डिसेंबरच्या मुदतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मुदत सोडा, आकडा धरा. नोकरी करून रोज चित्र होत नाही, आणि चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून रविवारी तुम्ही तीन-तीन चित्रं उरकता, हे तारखांवरून दिसतं. तीच सगळ्यांत कमजोर आहेत. आठवड्यातल्या तीन सकाळी ठरवून घ्या आणि टेबल मांडून ठेवा. सामान काढण्यात अर्धा तास गेला तर चित्राला उरतो तो थकवा. घरच्यांना चित्रं दाखवायची तर दहा-दहाच्या गटानं दाखवा. सुटं चित्र पाहून माणसं ‘हुबेहूब आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच बोलतात, आणि ‘नाही’ ऐकलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही तांब्याऐवजी पुन्हा गणपतीकडे वळाल.

पावसानं उघडीप दिली की एकदा औंधला जा, साताऱ्याहून लांब नाही. श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मांची तैलचित्रं आहेत. मोबाइलच्या पडद्यावर पाहून तैलरंगाचा थर कळत नाही, मूळ चित्रासमोरच उभं राहावं लागतं. दागिन्यांपाशी थांबा. लांबून ते सोनं दिसतं. जितकं जवळ जाऊ देतील तितकं जवळ जाऊन पाहा, तिथे ऑकरसारखे साधे पिवळे, तपकिरी सावल्या आणि मोजके जाड उजळ ठिपके आहेत. वॉर्निशची चमक डोळ्यांवर येते, म्हणून थोडं बाजूला सरकून पाहा. वही-पेन्सिल सोबत ठेवा आणि एकाच दागिन्याचे तीन टोन टिपून आणा, म्हणजे परतल्यावर तांब्याला बसाल तेव्हा पिवळ्या ट्यूबकडे हात किती कमी जातो ते बघता येईल. सुगडाची दहा झाली की फोटो पाठवा, आणि प्रत्येकाच्या मागे लिहिलेला प्रश्नही पाठवा, कारण मी आधी तोच वाचणार आहे.